कोल्हापूरच्या रानात अळंबी बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती गेले की आमच्या रविवारच्या भटकंतीसाठी फोन सुरू होतात. पूर्वी लोक धबधबे विचारायचे, आता भूछत्रं विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. मी शास्त्र शिकलेला माणूस नाही. सहा दिवस उद्यमनगरात लेथवर असतो आणि सातव्या दिवशी रानात. त्यामुळं इथं जे आहे ते बघून, वाचून आणि एकदोनदा तोंडावर आपटून कळलेलं आहे. हे वाचून रानातलं काही तोडून खायचं नाही, एवढी अट आधीच घालतो.

अळंबी, भूछत्र, कुत्र्याची छत्री: ही तीन वेगळी आहेत का?

आपल्या बोलण्यात आहेत, शास्त्रात नाहीत. खायची ती अळंबी, न खायची ती कुत्र्याची छत्री आणि शाळेच्या पुस्तकात भूछत्र, अशी आपली वाटणी. पण "कुत्र्याची छत्री" ही कुठली एक जात नाही. ओळखता न आलेल्या सगळ्यांना आपण तेच नाव देऊन मोकळे होतो, आणि त्यात पन्नास निरुपद्रवी जाती विनाकारण लाथ खातात.

ही झाडं आहेत की काय?

नाहीत. बुरशी. झाडासारखं उन्हावर अन्न करणं यांना जमत नाही, आणि यांच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, म्हणजे खेकड्याच्या कवचात असतं तेच. नात्यानं त्या झाडांपेक्षा प्राण्यांना जवळच्या. आपण जी छत्री बघतो ती आंब्याच्या झाडावरचा नुसता आंबा म्हणायची. झाड म्हणावं असं जे आहे ते जमिनीत किंवा लाकडात पांढऱ्या धाग्यांच्या जाळ्यासारखं पसरलेलं असतं आणि वर्षभर तिथंच असतं.

ही तर पावसाळ्यात येतात ना? मग शरदात काय बघायचं?

पहिला भर मृग-आर्द्राच्या पावसात येतो, ते खरं. पण जुलैत गगनबावड्याला जाऊन बघा: छत्रीतून मान वर काढता येत नाही, चष्म्यावर पाणी, मोबाईल पिशवीत. भूछत्रं असतात, बघणारा जाग्यावर नसतो.

आपला शरद म्हणजे पानगळ नव्हे. आश्विनात आपलं रान वर्षातलं सगळ्यात दाट हिरवं असतं. चार महिने भिजलेली जमीन, आतपर्यंत कुजलेले ओंडके आणि वरून मधूनच ऊन. उत्तरा नक्षत्रापासून चित्रा संपेपर्यंत, म्हणजे साधारण १३ सप्टेंबर ते २३ ऑक्टोबर, हा माझ्या मते बघण्याचा सर्वांत चांगला काळ. त्यातही हस्ताचा पाऊस झोडपून गेला की दोन दिवस थांबायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की मातीतली आधी जातात, लाकडावरची दिवाळीपर्यंत टिकतात, आणि खोडाला फळीसारखी चिकटलेली टणक तर बारा महिने असतात.

वेळ सकाळची. दहानंतर उघड्यावरची माना टाकतात.

कोल्हापुरातून कुठं जावं?

पहिल्यांदाच जाणार असाल तर पन्हाळा. वीस किलोमीटर, चहाची सोय, आणि गडाच्या उतारावरची झाडी पुरेशी आहे. तिथून मसाई पठारावर गेलात तर खेळ बदलतो, कारण तिथं झाडं नाहीत. गवतातली आणि शेणावरची भूछत्रं बघायची असतील तर पठार.

दाट रान हवं तर दाजीपूर-राधानगरी, आंबा घाट, गगनबावडा. दक्षिणेला आजरा-चंदगड. दाजीपूरला अंजनी, जांभूळ, हिरडा यांचं रान आहे आणि पायाखाली पाचोळ्याची गादी असते. तिथल्या सफारीचा रस्ता पावसाळ्यात बंद असतो, म्हणून निघायच्या आधी वन्यजीव विभागाकडं विचारून घ्या. ऐंशी किलोमीटर जाऊन फाटकाचा फोटो काढून परत आलेले लोक मला माहीत आहेत. त्यातला एक मी.

देवराया विसरू नका. शाहूवाडी, आजरा, चंदगड भागात बऱ्याच आहेत. देवाच्या रानातलं वाळकं लाकूडही घरी न्यायचं नाही, हा जुना रिवाज. त्यामुळं पडलेलं झाड तिथंच पडून, तिथंच कुजतं. भूछत्राला आणखी काय हवं? चपला बाहेर काढायला सांगितल्या तर काढा.

गाडी नसेल तर शिवाजी विद्यापीठाचा परिसर. माझी सुरुवात तिथल्याच एका तोडलेल्या बुंध्यापासून झाली.

अभयारण्यातून दोन-चार तोडून आणली तर काय होतं?

गुन्हा होतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही काढून नेता येत नाही. त्यात भूछत्रही आलं. दाजीपूरचं रान १९५८ मध्ये गव्यांसाठी राखलं गेलं, १९८५ मध्ये राधानगरी अभयारण्य म्हणून त्याचा विस्तार झाला आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचं नाव लागलं. तिथं पिशवी घेऊन जाऊ नये, हे सांगायला लागू नये.

आम्ही जातो, पण आम्हाला काही दिसतच नाही. बघायचं कसं?

हा खरा प्रश्न. चूक चालण्यात असते. ट्रेकिंगचा वेग घेऊन भूछत्रं दिसत नाहीत. तासात अर्धा किलोमीटर झाला तरी पुष्कळ. आणि "भूछत्र कुठाय" असं शोधू नका, "कुजतंय काय" ते शोधा. रानात जिथं काहीतरी मोडकळीला आलंय तिथं बुरशी कामाला लागलेली असते. मी नव्या माणसाला आधी एकच सवाल करतो: हे उगवलंय कशावर? नावगाव मागाहून. लाकूड, वारूळ, शेण, पाचोळा, गवत. एवढं सांगता आलं तरी अर्धी ओळख झाली.

एका ओंडक्याचं सांगतो. आंबा घाटात वाटेच्या कडेला एक मोडून पडलेलं खोड होतं, बैलगाडीच्या साटीएवढं लांब. गटातले चौदा जण त्याला ओलांडून पुढं गेले. पंधरावी एक आठवीतली पोरगी, बुटाची नाडी बांधायला त्यावर बसली, आणि तिनं हाक मारली. मग आम्ही सगळे त्या एका खोडापाशी पाऊण तास होतो.

वरच्या अंगाला पांढुरके, केसाळ, नखाएवढे पंखे. ते शिझोफायलम. उलटं करून भिंगातून बघितलं की खालच्या प्रत्येक पातीला, म्हणजे छत्रीखाली असतात त्या पातळ पापुद्र्याला, मधोमध चीर दिसते. उन्हाळ्यात वाळून चामडं होतात, पाणी पडलं की पाती सरळ होऊन परत जिवंत. त्याच्या बाजूला तपकिरी, थरथरती, ओलसर कानं, हात लावला तर अगदी माणसाच्या कानाच्या पाळीसारखी. खालच्या सावलीत पिवळ्या पायाची, पातळ, गोल गोल रेघांची नरसाळी. आणि एका फांदीच्या तुकड्यावर बटणाएवढे पेले, आत मसूर ठेवल्यासारखी चार-पाच "अंडी". याला पक्ष्याच्या घरट्याची बुरशी म्हणतात. पावसाचा थेंब नेमका पेल्यात पडला की तो मसूर उडून हात-दीड हात लांब जातो आणि तिथं नवीन संसार मांडतो. त्या पोरीनं बाटलीतलं पाणी थेंबाथेंबानं टाकून तीन उडवले. चौथा माझ्या चष्म्याला चिकटला.

शेणाचंही असंच. गव्याच्या पोवट्यावर किंवा गावाकडच्या उकिरड्यावर राखाडी, घंटेच्या आकाराची नाजूक छत्री दिसली तर दुपारी परत येऊन बघा. कडेपासून विरघळून काळी शाई टपकत असते. ती सडत नसते. बीजाणू, म्हणजे तिचं धुळीसारखं बारीक बी, सांडायची तिची तीच रीत.

निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडीत वाळक्या लिदीसारखा गोळा पडलेला दिसला तर पायानं उडवू नका. तीही बुरशीच आहे, आणि त्या झाडाच्या मुळांशी तिचा देवाणघेवाणीचा करार असतो: झाड साखर देतं, बुरशी पाणी आणि खनिजं पुरवते.

वारुळावरची अळंबी म्हणतात ती कोणती?

ती टर्मिटोमायसेस. गोव्यात रोयणी अळमी म्हणून भाव खाऊन जाते तीच. रोयण म्हणजे वारूळ. नागपंचमीला आपण वारुळाची पूजा करतो ती नागासाठी, पण घर बांधलेलं असतं वाळवीनं. ही वाळवी शेतकरी आहे. वाळकं लाकूड, पाला चावून ती आत स्पंजासारखं पोळं रचते आणि त्यावर ही बुरशी पिकवते. लाकूड पचवायचं कठीण काम बुरशी करते, वाळवी तयार माल खाते. साधारण तीन कोटी वर्षं हा व्यवहार चालू आहे, आपल्या शेतीच्या कितीतरी आधीपासून. पावसात पोळ्यावरची बुरशी जमीन फोडून वर येते, तीच आपली अळंबी.

वर येताना माती फोडायची असते, म्हणून छत्रीच्या मधोमध टणक टोक असतं. आणि देठ जमिनीत शिरून मुळासारखा निमुळता होत खोल पोळ्यापर्यंत गेलेला असतो. हिची एक बारकी बहीणही आहे, मायक्रोकार्पस. ती बोटाच्या पेराएवढी असते आणि शेकड्यांनी येते, जमिनीवर चुरमुरे सांडल्यासारखी. तिला ते लांब मूळ नसतं, कारण ती खोलातून न येता वाळवीनं वर आणून टाकलेल्या पोळ्याच्या चुऱ्यावर उगवते.

माझं आजोळ भुदरगडात. आज्जी अळंबी काढायला निघाली की खुरपं घरात ठेवून जायची. बोटांनी माती बाजूला करत देठाच्या मागं मागं कोपरापर्यंत हात घालायची आणि पांढरं शेपूट अख्खं बाहेर काढायची. मग ते उन्हाकडं धरून बुडखा बघायची, वास घ्यायची. मला ती म्हणायची, "तोंड बघून पोरगी देत न्हाईत, घर बघत्यात." तिला गावच्या शिवारातली तीन वारुळं ठाऊक होती, सासूनं दाखवलेली. चौथ्या वारुळावर पांढरीशुभ्र टोपलीभर आली तरी ती हात लावायची नाही. मला तेव्हा ते भित्रेपणाचं वाटायचं. आता वाटतं, तिला अळंबी ओळखता येत होती असं म्हणण्यापेक्षा तिला ती तीन वारुळं ओळखता येत होती असं म्हणणं जास्त बरोबर. ज्यांना अशी वारुळं वारशानं मिळालेली नाहीत, त्यांनी आज्जीच्या जोरावर खाऊ नये. मीही खात नाही.

विषारी कसं ओळखायचं? चांदीचं नाणं टाकून बघतात ना?

टाका. नाणं ओलं होईल, बाकी काही कळणार नाही. चांदी काळी पडते ती गंधकानं. यकृत जाळणाऱ्या विषाचा चांदीशी काही संबंध नाही. सोबत लसूण-कांदा शिजवला आणि काळा पडला नाही म्हणजे चांगलं, हेही तसंच. किडा लागलेलं आहे म्हणजे माणसाला चालतं, हे तर फारच धोक्याचं: माणसाला मारणारं भूछत्र गोगलगाय निवांत खाते. पांढरं ते सोज्वळ आणि रंगीत ते विषारी, हा सिनेमातल्या खलनायकासारखा हिशोब. जगातली सगळ्यात घातक भूछत्रं दिसायला साधी पांढरी-फिकट आहेत. वाळवून, उकळून, पहिलं पाणी ओतून विष जातं असंही सांगतात. जे जीव घेतं ते जात नाही.

वारुळावर आलं म्हणजे चांगलंच, हा समज या सगळ्यात अर्धा खरा आहे, आणि म्हणून जास्त फसवा. वारुळाच्या मातीवर, शेजारच्या पाचोळ्यावर दुसरं काहीही उगवू शकतं. देठ आत पोळ्यापर्यंत गेलाय की नुसता वर बसलाय, हे बघितल्याशिवाय कळत नाही.

एकच एक कसोटी नाही. असती तर आज्जीला तीन वारुळं धरून बसायची गरज नव्हती.

बीजाणूंचा छाप काय असतो? घरी घेता येतो?

येतो, आणि घ्यावाच. बागेतल्या, रस्त्याकडेच्या भूछत्राची छत्री देठापासून वेगळी करा. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्या, त्यावर पाती खाली करून ठेवा, वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर विसरा. सकाळी कागदावर पातींची रांगोळी उमटलेली असते. रंग बघायचा: टर्मिटोमायसेसचा गुलाबीसर, बटण मश्रूमच्या कुळाचा चॉकलेटी, शाईछत्रीचा काळा, अमॅनिटाचा पांढरा. नंतर हात धुवा, वाटी घासा.

माझी फजिती इथं सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी आम्ही राहतो त्या सोसायटीच्या हिरवळीवर गणपतीनंतर मोठी पांढरी भूछत्रं आली. ताटलीएवढी, वर तपकिरी खवले, देठाला वरखाली सरकणारं कडं, खाली पांढऱ्या पाती. मी पुस्तकातलं चित्र बघून ठोकून दिलं की ही युरोपातली पॅरासोल, लोक आवडीनं खातात. मंडळी म्हणाली, "आधी कागदावर ठेवा, मग बोला." ठेवली. सकाळी वाटी उचलली तर कागदावर हिरवट राख होती, वाळलेलं शेवाळ चुरडल्यासारखी. हिरवा छाप देणारं हे क्लोरोफायलम. हिरवळीवर येतं आणि जगभर पोट बिघडवण्यात याचा हात फार मोठा. कोवळेपणी पाती पांढऱ्याच असतात, म्हणून माणूस फसतो.

माझी वाटी पालथी होती तोपर्यंत वरच्या मजल्यावरच्या एकानं माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून दोन परतून खाल्ली होती. दोन तासांत उलट्या, पहाटे सलाईन, तिसऱ्या दिवशी घरी. ते अजून बोलतात माझ्याशी, पण मी काही खायला दिलं की घेत नाहीत. तेव्हापासून मी दुसऱ्याच्या ताटातल्या भूछत्राचं नाव सांगत नाही.

सगळ्यात धोक्याचं कोणतं?

अमॅनिटा या कुळातली काही. याच कुळातली डेथ कॅप जगात सर्वाधिक बळी घेणारी म्हणून ओळखली जाते. कुळाच्या खुणा: पांढऱ्या पाती, देठाला कडं, पांढरा छाप आणि बुडाला मातीत लपलेली पांढरी पिशवी, अंड्याच्या फुटक्या टरफलासारखी. वरून चाकूनं कापलं तर ती पिशवी जमिनीतच राहते आणि सगळ्यात मोठी खूण हातची जाते. बुडखा बघा, बुडखा बघा, असं मी म्हणतो ते याचसाठी.

पण पिशवी आहे म्हणजे अमॅनिटाच, असंही नाही. भाताच्या पेंढ्यावर येणाऱ्या खाद्य अळंबीलाही पिशवी असते. आग्नेय आशियातून अमेरिका-ऑस्ट्रेलियात गेलेली माणसं तिकडच्या डेथ कॅपला आपल्याकडची पेंढ्याची अळंबी समजून खाऊन मेली आहेत. गावाकडं आयुष्यभर खाल्लेल्या, चांगल्या जाणत्या माणसांचा घात झाला, कारण रान बदललं होतं. दूर कशाला, एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन तेरा जण दगावले.

चुकून खाल्लं गेलं तर?

दवाखाना. ताक, तूप, लिंबू, मिठाचं पाणी यातलं काही करत बसू नका, बोट घालून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा किंवा कोल्हापूरच्या सीपीआरसारखं (छत्रपती प्रमिलाराजे) मोठं रुग्णालय गाठा. उरलेलं भूछत्र, शिजवलेली भाजी, कचऱ्यातले देठ जे असेल ते कागदाच्या पिशवीत बरोबर न्या. कुणी किती वाजता खाल्लं आणि त्रास किती वाजता सुरू झाला, ही वेळ लिहून ठेवा. डॉक्टरांना सर्वांत आधी तीच हवी असते.

वेळेचं महत्त्व असं: खाल्ल्यावर तास-दोन तासांत उलट्या झाल्या तर बहुतेकदा पोटापुरतं निभावतं. सहा तासांनी, बारा तासांनी, कधी चोवीस तासांनी सुरू झालं तर ते यकृताचं विष असू शकतं. जुलाब-उलट्या होतात, मग दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसतो, चहा मागतो, घरचे सुटलो म्हणतात. आत यकृत निकामी होत असतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसायला लागते. म्हणून बरं वाटतंय म्हणून घरी आणायचं नाही. आणि दोन-तीन जातींची मिसळ खाल्ली असेल तर लवकर आलेल्या उलटीवरूनही निर्धास्त व्हायचं नाही. ज्यांनी ज्यांनी ताटात घेतलं त्या सगळ्यांना न्या, त्रास नसला तरी.

हात लावला तर विष चढतं का?

नाही. पोटात गेलं तरच. हात धुऊन डबा उघडा, झालं.

वीज कडाडली की अळंबी उगवते, हे खरं का?

आमच्या आज्जीचा विश्वास होता. विजेबरोबर वळवाचा जोरदार पाऊस येतो, माती मऊ होते, हे साधं कारण. पण हसण्यावारी नेऊ नका: जपानमधल्या इवाते विद्यापीठात शिताकेच्या ओंडक्यांना जोरदार विजेचे झटके देऊन बघितले, तर पीक जास्त आलं.

एका रात्रीत उगवतात यात मात्र थोडी फसवणूक आहे. छत्रीचा कळा जमिनीखाली आधीच तयार असतो, रात्री तो फक्त पाणी पिऊन फुगतो.

हिरवळीवर रिंगण कशामुळं पडतं?

बुरशीचं जाळं एका ठिकाणाहून सुरू होऊन सगळ्या बाजूंनी सारखं पसरतं आणि छत्र्या कडेला येतात. कुजलेल्यातलं नत्र मोकळं होतं म्हणून त्या कडेचं गवतही जास्त हिरवं. भुतांचा त्यात हात नाही.

जाळीचा परकर घातल्यासारखं ते काय, आणि एवढा वास का?

बांबूच्या बेटाजवळ दिसलं असणार. आधी जमिनीत मऊ अंडं असतं, ते फुटतं आणि काही तासांत देठ वर येऊन त्याभोवती पांढरी जाळी खाली सुटते. दिसायला नवरीच्या ओढणीसारखं, वासाला मेलेल्या उंदरासारखं. डोक्यावरच्या चिकट काळपट चिखलात बीजाणू असतात. माश्या वासाला येतात, पाय बरबटून घेतात आणि पुढं नेऊन पोचवतात. मध, अत्तर वगैरे फुलांना परवडतं. हे आपलं माश्यांवर भागवतं. चीनमध्ये हेच वाळवून, वासाचा भाग काढून, सूपमध्ये घालतात.

रात्री चमकणारी भूछत्रं आपल्याकडं आहेत का?

सह्याद्रीत आहेत. भीमाशंकर आणि गोव्यातलं म्हादई यासाठी नावाजलेलं. भर पावसात कुजक्या काटक्यांवर मायसीना जातीची इवली भूछत्रं किंवा नुसतं बुरशीचं जाळंच हिरवट उजळतं. काजव्यासारखीच रसायनाची करामत, फक्त न लुकलुकता. बघायचं तर बॅटरी बंद करून किमान दहा मिनिटं अंधारात गप्प बसावं लागतं. आमच्या गटात दहा मिनिटं मोबाईल खिशात ठेवणारी माणसं कमी, त्यामुळं पुढचं काय सांगू. फोटोत दिसतो तो झगमगाट कॅमेऱ्याचा शटर कितीतरी सेकंद उघडा ठेवून मिळालेला असतो. डोळ्याला तो चांदण्यातल्या दुधासारखा फिका दिसतो.

फोटो कसा काढू? अ‍ॅपवर नाव कळतं का?

चार फोटो काढा: वरून, बाजूनं, खालच्या पाती, आणि कशावर उगवलंय ते. पातींसाठी उपटायची गरज नाही, मोबाईलचा सेल्फी कॅमेरा छत्रीखाली सरकवा. अंदाजासाठी शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. चांदीच्या नाण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

आयनॅचरलिस्ट किंवा गूगल लेन्स कुळापर्यंत पोचवतं, कधी तेही नाही. फोटोला वास नसतो, बुडखा नसतो, छाप नसतो. वहीत नाव लिहिण्यापुरतं ठीक. पण मोबाईल विचारून कढई गॅसवर ठेवणाऱ्याला मी बरोबर नेत नाही.

मॅजिक मश्रूम मिळतील का?

हा प्रश्न लाजत लाजत दर वर्षी एक तरी विचारतो. सायलोसायबिन अमली पदार्थांच्या कायद्यात येतं. आमच्याकडं फक्त चहा.

लहान मुलांना न्यावं का?

जरूर. त्यांची नजर जमिनीला जवळ असते. पायात बूट, मोजे पँटवर ओढून. जळवा चिकटल्या तर मीठ किंवा तपकीर. ओंडका उचलायच्या आधी काठीनं हलवा, चापड्यासारखा विषारी साप किंवा विंचू खाली असू शकतो. गवा दिसला तर फोटो राहू द्या, मागं व्हा. मुलांना एकच ताकीद: बोट लावा, जीभ लावू नका.

वारुळाची अळंबी घरी लावता येईल का?

आजवर व्यापारी प्रमाणावर कुणाला जमलेलं नाही. वाळवीला जमतं ते माणसाला अजून साधलेलं नाही, यात मला थोडा आनंदच होतो. घरी करायची तर धिंगरी (ऑयस्टर मश्रूम) करा: गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा भिजवून, गरम पाण्यानं निर्जंतुक करून, बियाणं थरात भरून प्लॅस्टिकच्या पिशवीत. सावली आणि ओल राखली तर तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी होते. कांदा-लसूण चटणीत परतून भाकरीबरोबर झकास लागते.

यंदाची फेरी कधी आहे?

तारीख आधी ठरत नाही. हस्ताचा चांगला पाऊस झाला की दोन दिवस सोडून येणाऱ्या रविवारी, सकाळी सहाला रंकाळ्यावर जमायचं. काठी, भिंग असेल तर भिंग, कोरडे मोजे. डबा आपापला आणा. त्यात मश्रूम मसाला असेल तर तो दुकानातून आणलेल्या मश्रूमचा आहे, हे वरच्या मजल्यावरच्या आमच्या शेजाऱ्यांना आधी पटवून द्यावं लागेल. ते यंदा येणार आहेत.